मुक्या कळा

संगणकाच्या कळफलकावर सर्वांत वर एक अरुंद ओळ असते. तिच्यावर अक्षरे नसतात, आकडेही नसतात; नुसती चित्रे असतात. एक पाकीट, एक घर, एक भिंग, एक तारा, एक कर्णा. बाजारात यांना ‘मल्टिमीडिया’ कळा म्हणतात. पाकिटाच्या कळीने टपाल उघडावे, घराच्या कळीने इंटरनेटचे पहिले पान यावे, कर्ण्याच्या कळांनी आवाज लहानमोठा व्हावा, अशी ही योजना. आमच्यासारख्यांच्या हातून त्या दाबल्या गेल्याच तर चुकून. धर्मग्रामाच्या कचेरीतील जुन्या कळफलकावर ‘क’ पुसून जातो, ‘र’ पुसून जातो; ते पाकीट आणि ते घर मात्र विकत घेतल्या दिवशीइतकेच कोरे करकरीत राहते. माझी आणि या कळांची ओळख होण्यास एका वृद्ध शिक्षकांचा अर्धांगवायू आणि माझे स्वतःचे एक अज्ञान कारण झाले.

या शिक्षकांना मी गुरुजी म्हणत असे आणि येथेही तेवढेच म्हणतो. आता ते हयात नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, लातुरात मुलाकडे राहणारे, रविवारच्या मिस्साला वेळेच्या अर्धा तास आधी येऊन डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसणारे असे हे गृहस्थ. मूळचे वैजापूरकडचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस द सेल्स संघाचे फ्रेंच धर्मगुरू घोगरगावच्या परिसरात आले, त्या काळी ज्या कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला त्यांपैकी एक त्यांचे. टंकलेखन त्यांना उत्तम येई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची भूमी हादरली आणि हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली, त्यानंतरचे कित्येक महिने गुरुजी शाळा सांभाळून मदतकार्याच्या याद्या टंकित करीत होते. पत्र्याचे शेड, वर पाऊस, खाली खोक्यावर ठेवलेले टंकयंत्र, आणि एकेका ओळीत एकेक घर. कोण गेले, कोण उरले, किती पत्रे, किती घोंगड्या. ‘मेलेल्यांची नावं चुकू द्यायची नाहीत एवढंच डोक्यात होतं,’ असे ते पुढे एकदा म्हणाले होते.

त्यांच्याजवळ दुसरीही एक यादी होती, ती गाण्यांची. त्यांची आई, चुलत्या, आत्या दळताना, लावणीला जाताना, बारशाला आणि नाताळच्या रात्री जी गाणी म्हणत, ती त्यांनी तरुणपणापासून जमवली होती. जात्यावरची ओवी तीच, चालही तीच. फक्त तीत पंढरीच्या जागी बेथलेहेम आणि माउलीच्या जागी मरियामाय. पुण्यात गी प्वातवाँ आणि हेमा राइरकर यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि त्या संगणकात घातल्या, हे आज पुष्कळांना ठाऊक आहे. गुरुजींचा संग्रह त्या मानाने मूठभर. काही गाणी वहीत, काही ध्वनिफितींवर, आणि काही केवळ डोक्यात. आमच्या प्रार्थना-पुस्तकांत या गाण्यांना जागा मिळाली नाही. सेमिनरीत आम्ही उपासनासंगीत शिकलो, त्यातही ती नव्हती. मीही आरंभी त्यांच्याकडे एका निवृत्त माणसाचा छंद म्हणूनच पाहिले, हे येथे मान्य करून टाकतो.

२०१० साली माझी बदली लातूरहून नांदेडला झाली. पुढच्याच वर्षी गुरुजींना झटका आला आणि उजवी बाजू गेली. वाचा महिन्याभरात बरीचशी परतली, पाय काठीच्या आधाराने चालू लागला, हात मात्र मांडीवर ठेवला तर तेथेच पडून राही. उजव्या हाताने लिहिणाऱ्या माणसाचे अक्षर एका रात्रीत नाहीसे झाले. मी भेटीस गेलो तेव्हा त्यांनी आजाराविषयी एक शब्द काढला नाही. ‘फादर, गाणी ऱ्हायली,’ एवढेच म्हणाले.

‘तुम्ही सांगा, मी लिहून घेतो,’ असे मी म्हटले. दोन बैठकी झाल्याही. मी लिहिलेले त्यांनी चाळले आणि वही हळूच मिटली. मी नकळत भाषा सुधारीत होतो. ‘व्हता’चे ‘होता’ करीत होतो, ‘मरियामाय’ची ‘पवित्र मरिया’ करीत होतो. सेमिनरीत शिकलेल्या माणसाच्या लेखणीला ही खोड असते. त्यांनी मला दोष दिला नाही. ‘मला टायपिंग येतंय की,’ इतकेच म्हणाले.

धर्मग्रामातील एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने जुना संगणक दुरुस्त करून दिला. पैसे पडू नयेत म्हणून त्यात लिनक्स ही मोफत प्रणाली घातली. कळफलक मी नांदेडला वजिराबादेत घेतला, साडेचारशे रुपयांना. दुकानदाराने ‘याच्यात मल्टिमीडिया आहे फादर’ असे आग्रहाने सांगितले, आणि जास्तीच्या कळा फुकट मिळत आहेत या समाधानात मी तो पिशवीत घालून लोहा, अहमदपूर, चाकूर असा एस.टी.ने लातूरला पोहोचवला.

टंकयंत्रावर चाळीस वर्षे बसलेल्या बोटांना संगणकाची मराठी नवीन होती. इनस्क्रिप्ट नावाची ही रचना केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८० च्या दशकात आखली आणि भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली आयएस १३१९४ या मानकात तिला स्थान दिले. प्राथमिक शिक्षकाला ती लगेच पटते, कारण ती बाराखडीवर उभी आहे. स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. ‘क’च्याच कळीवर शिफ्टसह ‘ख’, ‘ग’वर ‘घ’, ‘त’वर ‘थ’, ‘प’वर ‘फ’. गुरुजींनी ती आठवड्यात आत्मसात केली. पण तिच्यातच त्यांची अडचण होती. स्वर त्यांच्याकडे शिल्लक होते, व्यंजने गेलेल्या हाताच्या बाजूला राहिली होती. त्यावर त्यांनी स्वतःच उपाय शोधला. कळफलक टेबलावर चांगला वीतभर डावीकडे सरकवला, म्हणजे व्यंजने डाव्या हातासमोर आली. शिफ्टची कळ दाबून धरणे एका हाताला जड जाई, तेव्हा ती पाच वेळा लागोपाठ दाबून ‘स्टिकी कीज’ नावाची सोय चालू केली. मग शिफ्ट एकदा टिचकी मारून सोडली की पुढच्या अक्षरापर्यंत ती आपली लक्षात ठेवते. दिवसाला एक गाणे या गतीने काम सुरू झाले. मी नांदेडला निश्चिंत होतो.

२०१२ च्या जानेवारीतील गोष्ट. कळफलक डावीकडे सरकल्यामुळे त्याचे उजवे टोकही डाव्या हाताच्या टप्प्यात आले होते. त्या टोकाला, डिलीटच्या वर, तीन लहान कळा होत्या: पॉवर, स्लीप आणि वेक. गुरुजी त्या दुपारी टंकित करीत असता त्यांना एक गाणे आठवले. ते वहीत नव्हते, फितीवर नव्हते. त्यांच्या आईचे, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे फक्त आईचेच. आजारानंतर त्यांच्या स्मरणशक्तीत जागोजागी भोके पडली होती आणि हे गाणे हरवल्याचेही ते विसरले होते. ते अकस्मात सबंध परत आले. त्यांनी हातातले गाणे सोडून ते उतरवायला घेतले. सात-आठ कडवी झाली. चुकलेले एक अक्षर पुसण्यासाठी डिलीटकडे हात नेला आणि पडदा काळा झाला.

हिवाळ्याचे दिवस, पंखा बंद, दुपार असल्यामुळे दिवाही बंद. गुरुजींना वाटले, भारनियमन. लातुरात त्या काळी ते काही नवल नव्हते. वीज गेली की भिंतीवरचे बटण बंद करावे, नाहीतर परत येताना ती यंत्र जाळते, अशी त्या घराची शिस्त होती. गुरुजी काठी टेकत उठले आणि त्यांनी बटण बंद केले.

वीज गेलीच नव्हती. बोट स्लीपच्या कळीवर पडले होते. संगणक झोपतो तेव्हा हातातले काम तो तात्पुरत्या स्मृतीत धरून ठेवतो आणि त्यासाठी त्याला विजेची बारीकशी धार लागत राहते. ती धार त्यांच्याच हाताने तुटली. साध्या टिपणवहीसारखा प्रोग्रॅम मीच त्यांना दिला होता, आणि ‘दिवसाचे काम संपले की जतन करा’ असे मीच सांगितले होते. कडव्याकडव्याला जतन करा, असे सांगायला मला सुचले नव्हते. संध्याकाळी सूनबाईंनी यंत्र चालू केले तेव्हा पान पांढरे होते. गुरुजींना चाल आठवत होती, पालुपद आठवत होते. कडवी गेली होती.

फोन त्यांच्या नातीने केला. ती अकरावीत होती. लातुरात अकरावी म्हणजे काय, हे त्या गावाबाहेरच्यांना सांगून कळणार नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या शिकवण्यांतून तिने तेवढ्यासाठी वेळ काढला होता. ‘आजोबा जेवले नाहीत,’ ती म्हणाली. मी दुसऱ्या दिवशीची मिस्सा आटोपून पहिली गाडी पकडली.

मी पोहोचलो तेव्हा स्लीपच्या कळीवर जखमेला लावतात तसली चिकटपट्टी होती आणि तिच्यावर डाव्या हाताच्या वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिले होते: ‘नको’.

अभियांत्रिकीचा विद्यार्थी सुटीत आला होता. त्याने मला एक प्रोग्रॅम दाखवला, एक्सईव्ही त्याचे नाव. तो चालवला की पडद्यावर एक पांढरी चौकट उघडते. मग कळफलकावरची कोणतीही कळ दाबावी, तो तिचा क्रमांक लिहून दाखवतो. पाकिटाची कळ दाबली, १६३ आले. घराची, १८०. गणनयंत्राची, १४८. आवाज बंद करण्याची, १२१. चिकटपट्टीखालून स्लीपची कळ दाबली, १५० आले. मी खुळ्यासारखा पाहत राहिलो. माझी इतके दिवस अशी समजूत की पाकिटाच्या कळीत टपाल असते आणि झोपेच्या कळीत झोप. तसे काही नाही. कळ केवळ ‘मी अमक्या क्रमांकाची, मला दाबले’ एवढेच कळवते. अर्थ पलीकडे, यंत्रात साठवलेल्या एका यादीत असतो, आणि ती यादी कोणालाही बदलता येते. संत ऑगस्टीन चिन्हांचे दोन वर्ग करतो, निसर्गाने आलेली आणि माणसाने दिलेली. धूर हे अग्नीचे चिन्ह पहिल्या वर्गातले, शब्द हे दुसऱ्या. सेमिनरीत हे मी परीक्षेपुरते पाठ केले होते. कळफलकावर ते पाकीट छापलेले असल्यामुळे मी त्याला धूर समजून बसलो होतो.

एक्समॉडमॅप नावाच्या दुसऱ्या आज्ञेने त्या यादीतला अर्थ बदलता येतो. आम्ही पहिली ओळ लिहिली ती १५० साठी, आणि तिच्यापुढे काहीच लिहिले नाही. बरोबरीचे चिन्ह आणि पुढे कोरी जागा. कळ मुकी झाली. गुरुजींना ती दाबून पाहायला सांगितली. त्यांनी दोनदा नकार दिला, तिसऱ्यांदा दाबली, आणि पडदा उजळलेलाच राहिला. पट्टी काढायला मात्र त्यांनी दिले नाही. दर मिनिटाला पान आपोआप जतन होण्याची सोयही त्याच बैठकीत केली. ती सोय त्या प्रोग्रॅममध्ये पहिल्यापासून होती. मी कधी शोधली नव्हती.

आता उरलेल्या कळांचे काय, असा विचार निघाला. टपाल गुरुजींना नको होते, इंटरनेट घरी नव्हते. पाच कळा मोकळ्या होत्या: पाकीट, घर, गणनयंत्र, भिंग आणि तारा. प्रत्येकीला एकेक अक्षर द्यावे, म्हणजे शिफ्टची यातायात तेवढी वाचेल, असे ठरले. मी उत्साहाने कागद घेतला आणि पहिली दोन अक्षरे लिहिली, ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’. आकड्यांच्या ओळीत शिफ्ट लावून शोधावी लागणारी ही अक्षरे मला सदैव छळीत आली होती. गुरुजी म्हणाले, ‘काय करायलात फादर? माझ्या गाण्यात ज्ञ कुठला आलाय?’

मग त्यांनी जे केले ते हाडाचा शिक्षकच करू शकतो. नातीला शेजारी बसवले, टंकित झालेली गाणी पुढे घेतली आणि शिफ्टने येणारे प्रत्येक अक्षर भेटले की कागदावर एकेक रेघ मारायला लावली. चार रेघा आणि पाचवी आडवी. भौतिकशास्त्राचा पाठ बाजूला पडला, म्हणून सूनबाई दारातून दोनदा डोकावून गेल्या. तासाभराने कागदावर दाट रान उगवले ते ‘आ’, ‘ण’, ‘ळ’ आणि ‘भ’ यांच्या पुढे. दळण, कळशी, बाळ, आई, भाकर, भाऊ. ‘क्ष’पुढे एक रेघ होती, ‘साक्ष’ या शब्दाची. ‘ज्ञ’पुढची जागा स्वच्छ होती. मी ती यादी बराच वेळ पाहत राहिलो. आमच्या प्रवचनांतून ‘प्रज्ञा’, ‘आज्ञा’, ‘कृतज्ञता’ काढून टाकल्या तर किती ओळी उरतील, असा एक विचार तेव्हा मनात येऊन गेला.

पाचवी कळ गुरुजींनी ‘ऱ’साठी मागितली. यामागे एक जुने भांडण होते. मराठीत ‘र’ अर्धा होऊन पुढच्या अक्षराला जोडताना दोन रूपे घेतो. ‘सूर्य’मध्ये तो अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो, तर ‘सुऱ्या’मध्ये शेजारी कोयत्यासारखा वाकून उभा राहतो. उच्चारात आघाताचा फरक आहे आणि अर्थात तर जमीन-अस्मानाचा. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला, ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. संगणकात ‘र’, हलन्त आणि ‘य’ अशी अक्षरे दिली की तो पहिलेच रूप काढतो. दुसऱ्यासाठी मुळात नुक्त्याचा ‘ऱ’ द्यावा लागतो. तो ‘र’च्याच कळीवर शिफ्टसह असतो, पण हे आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हते. मेंढपाळांच्या एका गाण्यात देवदूत दऱ्यांतून हाका मारीत येतो. ते गाणे पडद्यावर ‘दर्यांतून’ असे उमटले होते, आणि मी ‘चालायचंच, लोक समजून घेतील’ असे म्हटले होते.

‘मराठवाड्यात दर्या कुठला, फादर?’ गुरुजींनी तेव्हाही विचारले होते. समुद्र त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, त्यांच्या आईनेही नव्हता. बालाघाटाच्या दऱ्या मात्र लातूरकरांना परक्या नाहीत. घराच्या चित्राची कळ, क्रमांक १८०, ‘ऱ’ला मिळाली. त्या दिवशी पहिला शब्द त्यांनी तोच टंकित केला आणि हात मागे घेऊन त्याच्याकडे पाहत बसले.

फादर थॉमस स्टीफन्स यांची मला त्या संध्याकाळी आठवण झाली. हा इंग्रज येशूसंघी १५७९ साली गोव्यात आला आणि मराठीचा झाला. देशाच्या भाषेत आणि देशाच्याच लिपीत पुस्तके छापावीत अशी त्याची वर्षानुवर्षांची इच्छा होती. मलबारात तमिळ अक्षरांतील छपाई १५७८ सालीच झाली होती. १६०८ साली रोमला आपल्या संघाच्या प्रमुखांना धाडलेल्या पत्रात त्याने अडचण सांगितली आहे: युरोपात चोवीस साचे पुरतात, येथे अक्षरे जोडाक्षरांसह सहाशेच्या घरात जातात, म्हणून ते काम अशक्य मानले गेले, पण संख्या दोनशेपर्यंत खाली आणता येईल. ते घडले नाही. १६१६ साली रायतूरला त्याचे ख्रिस्तपुराण छापून निघाले ते रोमन अक्षरांत. देवनागरीत छापलेली त्याची प्रत शांताराम बंडेलू यांच्या हातून १९५६ साली पुण्यात निघाली. मध्ये तीनशे चाळीस वर्षे गेली. सहाशे साच्यांपुढे हात टेकलेल्या त्या धर्मगुरूला पाच रिकाम्या कळा मिळाल्या असत्या, तर त्याने त्यांवर कोणती अक्षरे बसवली असती, हा प्रश्न मी परतीच्या गाडीत अहमदपूर येईपर्यंत घोळवीत होतो. ‘ज्ञ’ बसवला असता, असे मला वाटते. तोही आमच्यासारखाच सेमिनरीतला.

गाणी वाजवण्याच्या कळेला आम्ही हात लावला नाही. ती एकच कळ तिच्यावरच्या चित्राप्रमाणे वागत राहिली, आणि सर्वांत अधिक झिजली तीच. विद्यार्थ्याने जुन्या ध्वनिफिती संगणकात उतरवून दिल्या होत्या. गुरुजी ती कळ दाबत, त्यांच्या आत्याचा आवाज जात्याच्या घरघरीतून वर येई, अर्धी ओळ झाली की पुन्हा कळ, आवाज थांबे, अर्धी ओळ टंकित होई, पुन्हा कळ. घरातल्या लहान मुलांना हा खेळ वाटे. आत्याबाईंना जाऊन तेव्हा तेवीस वर्षे झाली होती.

या व्यवस्थेत एक खोट होती. कळफलकाची तार निघाली, किंवा कोणी मराठीवरून इंग्रजीवर जाण्यासाठी पूर्ण मांडणीच बदलली, की यंत्र आमची यादी टाकून देऊन मूळच्या अर्थांवर जाई. महिन्यातून दोनदा तरी फोन येई: ‘फादर, कळा विसरल्या.’ मी नांदेडहून आज्ञा एकेक अक्षर करून सांगे आणि नात त्या टंकित करी. शेवटी मी सगळ्या ओळी एका फाइलीत लिहून ठेवल्या आणि पडद्यावर तिचे चित्र करून त्याला ‘कळा लाव’ असे नाव दिले. नातीने ते वाचले आणि ती हसत सुटली. ‘फादर, तुम्ही मला कळलावी केलं,’ म्हणाली. गुरुजीही हसले, तोंडाच्या एका बाजूने. झटक्यानंतर त्यांना हसताना मी पाहिले ते त्या दिवशी.

संग्रह २०१३ च्या पावसाळ्यात पुरा झाला. छापण्याची ऐपत नव्हती. कचेरीतल्या प्रिंटरवर प्रती काढल्या आणि लातुरातच त्यांना तारेची बांधणी करून घेतली. पहिली प्रत मी एस.टी.त बसून चाळली. गाण्यांना क्रमांक होते. चाळिसावे झाले आणि पुढच्या पानावर वर नुसता ‘४१’ हा आकडा, त्याखाली पालुपदाच्या दोन ओळी आणि बाकी पान पांढरे. मला ती बांधणीतली चूक वाटली. पुढच्या भेटीत मी सुचवले की दुसऱ्या प्रती काढताना ते पान वगळावे आणि पुढचे क्रमांक सरकवावेत.

‘गाणं व्हतं की फादर,’ गुरुजी म्हणाले. ‘मी विसरलो म्हणून नव्हतं कसं म्हणू?’

पान तसेच राहिले. मी क्षमा मागायचे योजून गेलो होतो. शब्द जुळवलेलेही होते, पण ते उच्चारण्याची वेळ काही आली नाही. त्यांनी विषय बदलून नातीच्या बारावीच्या गुणांवर नेला.

गुरुजी गेल्यावर संगणक भंगारात गेला. कळफलक सूनबाईंनी मला दिला. तो आता माझ्या टेबलावर आहे. पट्टी पिवळी पडली आहे, पण ‘नको’ वाचता येते. मध्यंतरी मी नवा संगणक घेतला. त्याच्यातही लिनक्सच आहे, परंतु पडद्याची अंतर्गत रचना बदलून तेथे वेलँड नावाची नवी पद्धत आली आहे आणि तिच्यापुढे आमची जुनी एक्समॉडमॅपची आज्ञा चालत नाही. कळांना अर्थ देण्याची दुसरी वाट आहे, आणि ती मला शिकून घ्यायची आहे. गेल्या आठवड्यात एका मृताच्या कुटुंबाला पत्र लिहीत होतो. ‘काळ’ हा शब्द आला आणि सवयीने बोट वरच्या ओळीतल्या पाकिटावर गेले. टपाल उघडले.